कृष्णविवराजवळचा उजेड डिम-फुल का होतो?

मोटारवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. चोपड्याला माझं मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय वायरमन, पण वाचायची आवड शाळेपासूनची. दुकानाचं शटर ओढलं की तासभर काहीतरी वाचून मगच घरी जातो.

परवा सिग्नस एक्स-१ बद्दल वाचलं. हंस तारकासमूहात एक कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतंय आणि तिथून येणारे क्ष-किरण सारखे कमी-जास्त होतात. सेकंदात कितीतरी वेळा, कधी कधी सेकंदाच्या हजाराव्या भागातसुद्धा. त्याचा आलेख पाहिला आणि थबकलोच. लूज न्यूट्रलच्या घरात मीटर लावला की काटा अगदी तसाच नाचतो.

आमच्या धंद्यात लाईट उगाच डिम-फुल होत नाही. मागच्या हिवाळ्यात लासूरच्या एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. त्यांच्या घरातला बल्ब दर चाळीस सेकंदांनी एकदा मंदावायचा. मी टोंग टेस्टर (वायरीभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावून ओट्यावर बसलो, घड्याळ धरून मोजलं. झोल इतका एकसारखा होता की हे एखाद्या यंत्राचं काम आहे हे लगेच कळलं. शेजारच्या घरी प्रेशर पंप होता, त्याची नळी गळत होती. प्रेशर उतरलं की मोटार चालू, भरलं की बंद. त्याच गावात दुसऱ्या घरी मात्र लाईट बेभान नाचत होती, काही ताल नाही. तिथे डीपीवरचा जोड सैल निघाला. तेव्हापासून मी पोरांना हेच शिकवतो: ताल असेल तर मागे यंत्र शोधा, ताल नसेल तर सैल जोड शोधा.

तर माझा प्रश्न असा. सिग्नस एक्स-१ च्या आलेखात मला ताल दिसत नाही. मग तिथे सैल जोड कुठे आहे? आणि विवरातून उजेड बाहेरच येत नाही म्हणतात, तर मग डिम-फुल होतंय ते नक्की काय? कोणी नीट समजावून सांगेल का? थोडं लांबलं तरी चालेल, मी सगळं वाचतो.

केळीबाग_फैजपूर

दादा, तारे आपल्या हवेमुळे लुकलुकतात हे तर सर्वांना माहीत आहे. रात्री बागेत पाणी भरायला गेलो की क्षितिजाजवळचे तारे जास्तच लुकलुकताना दिसतात. हेही तसंच काही असेल का? मला खात्री नाही, जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ

मोटारवाले दादा, मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. "सैल जोड कुठे आहे" इतक्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. जरा सविस्तरच लिहितो.

आधी फैजपूरच्या भाऊंची शंका. ती रास्त आहे, पण इथे हवेचा संबंध नाही. क्ष-किरण आपल्या हवेतून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून १९६४ साली सिग्नस एक्स-१ सापडलं तेसुद्धा रॉकेटवर बसवलेल्या उपकरणांना. मग १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' नावाचा उपग्रह सुटला आणि ही भराभर होणारी फडफड त्याने टिपली. उपग्रह हवेच्या वर असतो, तेव्हा फडफड तिथलीच आहे.

आता डिम-फुल काय होतं ते. विवर स्वतः अंधारच आहे. उजळतो तो विवरात जाण्याआधीचा वायू. शेजारच्या ताऱ्याकडून निघालेला वायू सरळ विवरात पडू शकत नाही, कारण त्याच्या अंगात आधीपासून फिरकी असते. तो विवराभोवती चकतीसारखा पसरून घिरट्या घालतो आणि हळूहळू आत सरकतो. सरकताना तापतो, आतल्या कडेला लाखो अंशांच्या पुढे जातो, म्हणून क्ष-किरण. ही भट्टी किती जोरकस आहे बघा. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. न फिरणाऱ्या विवराच्या चकतीत सुमारे ६ टक्के, आणि अतिशय वेगाने फिरणाऱ्या विवराच्या चकतीत ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे आत जाणारा वायू जरासा कमी-जास्त झाला तरी उजेडात लगेच दिसतो.

हजाराव्या भागात फडफड होते यातून आणखी एक गोष्ट कळते, आणि मला ती फार सुंदर वाटते. मुक्ताईच्या पालखीसोबतची लांब दिंडी आठवा. पुढच्या टोकाला उभं राहिलं की शेवटच्या रांगेतल्या टाळांचा आवाज उशिरा पोचतो. सगळ्यांनी एकाच क्षणी टाळ वाजवला तरी आपल्याला तो लांबलेला, फिसकटलेला ऐकू येतो. दिंडी लहान असेल तरच ठोका स्पष्ट. उजेडाचंही तसंच. हजाराव्या भागात उजेड ३०० किलोमीटर जातो. म्हणून एवढ्या थोड्या वेळात जी वस्तू स्पष्टपणे डिम-फुल होते, तिचा उजळणारा भाग साधारण तेवढ्याच आकाराचा असणार. रेल्वेने भुसावळ ते इगतपुरी, बस. आणि तेवढ्याशा जागेजवळ सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमान! विवर दिसत नाही, पण ते किती लहान असलं पाहिजे हे या फडफडीने सांगितलं.

आता तुमचा सैल जोड. इथे मला माझ्या वडिलांबद्दल लिहावं लागेल.

वडील पांझरेवरच्या एका फडावर पाटकरी होते. बाहेरच्यांसाठी सांगतो: नदीवर दगडी बंधारा, त्याच्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि सगळ्या गावाच्या शेतांना ठरलेल्या क्रमाने पाणी. शेकडो वर्षांची पद्धत आहे आमच्या भागातली. रात्रीच्या पाळीला मी त्यांच्यासोबत कंदील घेऊन जायचो. माझं काम एकच. चारीच्या शेवटी, वाफ्याच्या तोंडाशी पऱ्हाटीची एक सरळ काडी रोवलेली असायची. तिच्यावर विळ्याने खाचा पाडलेल्या. कंदील खाली धरून पाणी कुठल्या खाचेवर आहे ते बघत बसायचं. पाणी चढलं की मी ओरडायचो, "पानी उनं रे भाऊ!" आणि वडील पुढचं दारं मोडायचे.

ते पाणी कधीच एका खाचेवर थांबायचं नाही. खूप रात्री बघितल्यावर मला त्यातला फरक ओळखू यायला लागला. एक हेलकावा तास-दोन तासांचा, तो बंधाऱ्याकडून यायचा, नदीलाच पाणी कमी-जास्त असायचं. एक पाच-दहा मिनिटांचा, तो चारीच्या तोंडाशी गवत अडकून सुटल्याचा. आणि एक अगदी काही क्षणांचा, तो माझ्या पायाशी ढेकूळ घसरल्याचा. मी काडी एकच बघत होतो, पण तिच्यावर हे तिन्ही एकदम चालू असायचे. लांबचा हेलकावा संथ, जवळचा घाईचा. आणि बंधाऱ्याशी कोणी दगड टाकला तर त्याची लाट माझ्यापर्यंत कधीच पोचायची नाही, वाटेतच विरायची. लांबून फक्त संथ हेलकावे टिकून येतात.

चकतीत हेच होतं. वायू आत सरकण्याचा वेग बाहेरच्या कड्यांमध्ये फार संथ, आतल्या कड्यांमध्ये झपाट्याचा. प्रत्येक कड्यात आपापल्या गतीने थोडं कमी-जास्त होत असतं आणि ते वायूसोबत आत वाहत येतं. उजेड मुख्यतः सगळ्यात आतल्या भागातून येतो, म्हणजे आपण उपग्रहातून बघतो ती शेवटची काडी. तिच्यावर मिनिटांचे, सेकंदांचे आणि हजाराव्या भागाचे सगळे हेलकावे एकत्र दिसतात. म्हणून ताल सापडत नाही. हा विचार ल्युबार्स्की यांनी १९९७ साली गणितात मांडला.

राहिला प्रश्न की प्रत्येक कड्यात कमी-जास्त होतंच का. खळ्यावर पात फिरताना आठवा. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा बैल हळू चालतो, कडेचा पळतो. चकतीत उलट असतं: आतलं कडं पळतं, बाहेरचं मागे राहतं. वायू इतका तापलेला असतो की त्यात विद्युतभार मोकळे असतात आणि चुंबकीय रेषा त्याला चिकटलेल्या असतात. अशी एक रेषा शेजारच्या दोन कड्यांना दाव्यासारखी बांधते. आतला पुढे पळतो, दावं ताणलं जातं, ते आतल्याला मागे ओढतं. त्याची फिरकी कमी होते, तो आणखी आत घसरतो. आत घसरला की वेग वाढतो, दावं आणखी ताणतं. शेवटी सगळं घुसळून निघतं. बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ साली दाखवलं की चकत्यांमध्ये हे घडणारच, अगदी दुबळं चुंबकीय क्षेत्र असलं तरी. वायू आत जातो तो या घुसळणीमुळेच, आणि घुसळण कधी एकसारखी नसते.

तर दादा, जोड एका जागी सैल नाही. वाटेतला प्रत्येक जोड सैल आहे, आणि तो सैल आहे म्हणूनच वायू आत पोचतो. सगळे जोड घट्ट असते तर वायू तिथेच फिरत राहिला असता आणि आपल्याला उजेडच दिसला नसता.

पाटाची उपमा एका ठिकाणी तुटते तेही सांगून ठेवतो. पाटातलं पाणी उतारामुळे आपोआप पुढे जातं. चकतीतल्या वायूला आधी फिरकी दुसऱ्याला द्यावी लागते, तेव्हा कुठे तो आत सरकतो. हे विसरलं तर बाकीचं चुकीचं समजेल.

एमएस्सी_जळगाव

सर, काडीचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. मी सध्या एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ॲस्ट्रोसॅटचाच डेटा वापरते आहे. ॲस्ट्रोसॅट म्हणजे २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेली आपली वेधशाळा. तिच्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बनलं. प्रत्येक क्ष-किरण कणाची वेळ ते सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत नोंदवतं. डेटा कुणालाही उतरवून घेता येतो.

सरांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती मी लिहिते, कारण मला ती स्वतः करून बघता आली. लांबचे आणि जवळचे हेलकावे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. चारीला पाणी निम्मं आलं तर वाफ्याशी होणारा चढ-उतारही निम्म्याने होणार, बरोबर ना सर? कारण शेवटचं दारं आलेल्या पाण्याचाच काही भाग अडवतं. हे खरं असेल तर उजेड जास्त असतानाची फडफड मोठी आणि कमी असतानाची लहान, त्याच प्रमाणात, असं दिसायला हवं. अटली आणि मॅकहार्डी यांनी २००१ साली नेमकं हेच दाखवलं.

मी सिग्नस एक्स-१ च्या डेटाचे छोटे छोटे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याची सरासरी चमक काढली, फडफड किती तेही काढलं, आणि चमकेप्रमाणे गठ्ठे लावले. माझा लॅपटॉप जुना आहे, रात्री साडेबाराला कधीतरी आलेख पूर्ण झाला. सगळे ठिपके एका सरळ रेषेवर! आईला उठवून दाखवलं. नुसती बेरीज असती तर ही रेषा आडवी आली असती. मोटारवाले दादा, एकाच जागी सैल जोड असता तरी हे असं जुळलं नसतं.

आणि एक. हीच सरळ रेषा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या लहान ताऱ्यांभोवतीच्या चकत्यांमध्येही सापडली आहे. तिथे कृष्णविवर नाहीच. म्हणजे ही फडफड विवराचा गुण नाही, चकतीचा आहे. विवराचा हात दिसतो तो वेळेत. सूर्याच्या दहा पट विवर असेल आणि ते फिरत नसेल, तर वायूला टिकून फिरता येईल असं सगळ्यात आतलं कडं ९० किलोमीटरवर असतं आणि तिथे वायू सेकंदाला दोनशेहून जास्त फेऱ्या मारतो. वस्तुमान वाढलं की त्याच प्रमाणात सगळं मंदावतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं विवर सूर्याच्या चाळीस लाख पटींहून मोठं आहे, तिथे हीच फेरी अर्ध्या तासाच्या घरात जाते. त्याचं चित्र २०२२ साली आलं. ते काढणं इतकं अवघड गेलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे एका रात्रीच्या निरीक्षणात मिनिटामिनिटाला ते बदलत होतं. एम८७ या दुसऱ्या दीर्घिकेतलं विवर त्याहून हजारपटींनी जड, ते रात्रभर जवळजवळ स्थिर राहिलं.

मोटारवाला_चोपडा

सर, ताई, दोघांचे मनापासून आभार. दुकानात बसून तीनदा वाचलं. गिऱ्हाईक आलं तरी मोबाईल खाली ठेवला नाही. "वाटेतला प्रत्येक जोड सैल आहे म्हणूनच वायू आत पोचतो" हे वाचल्यावर डोक्यात जे अडकलं होतं ते सुटलं.

एकच विचारतो. मग ताल असलेलं एकही विवर नाही का? म्हणजे लासूरच्या प्रेशर पंपासारखं?

एमएस्सी_जळगाव

आहे दादा! आणि तुमचा प्रेशर पंप त्याला इतका जवळचा आहे की मी आमच्या मॅडमना सांगणार आहे.

गरुड तारकासमूहात जीआरएस १९१५+१०५ नावाचं विवर आहे, १९९२ साली सापडलेलं. सूर्याच्या सुमारे १२ पट. त्याचा आलेख कधी कधी हुबेहूब ईसीजीसारखा दिसतो. हळूहळू चमक चढते, एकदम उसळते, झपकन खाली येते, पुन्हा चढायला लागते. साधारण मिनिटभराचा एक ठोका. शास्त्रज्ञ त्याला हृदयाचे ठोकेच म्हणतात. २००० सालच्या एका अभ्यासात या एकट्या विवराच्या फडफडीचे बारा प्रकार वेगळे काढले होते, हा त्यातला एक.

इथे वायू इतका भरभरून येतो की आतल्या भागात उजेडाचाच दाब वायूच्या दाबापेक्षा वरचढ होतो. चकतीचा आतला भाग भरत जातो, तापतो, फुगतो, मग भसकन रिकामा होतो. वायूचा काही भाग विवरात, काही वाऱ्यासारखा बाहेर. रिकामा झाला की बाहेरून पुन्हा भरायला सुरुवात. भरणं, मर्यादा गाठणं, रिकामं होणं. फक्त इथे स्विच कोणी बसवलेला नाही, उजेडाचा दाबच स्विचचं काम करतो.

केळीबाग_फैजपूर

माझी हवेची शंका चुकीची होती, पण विचारलं ते बरं झालं. ॲस्ट्रोसॅटचा डेटा कुणालाही मिळतो हे माहीतच नव्हतं. मुलगी यंदा अकरावीला आहे, तिला हे सगळं वाचायला दिलंय. एक सांगा, हे असं काही आपल्या डोळ्यांनी बघता येतं का? उपग्रहाशिवाय?

पांझराकाठ

ताई, गुणाकाराचं तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. खाचांच्या बाबतीत मी ते पाहिलेलं होतं, पण त्याला असं नाव कधी दिलं नव्हतं. नदीला भरपूर पाणी असायचं त्या रात्री काडीवर दोन-दोन खाचांचा चढ-उतार असायचा, उन्हाळ्याकडे अर्ध्या खाचेचा.

फैजपूरच्या भाऊ, एकदा बघता आलं होतं. जून २०१५ मध्ये हंस तारकासमूहातलंच व्ही४०४ सिग्नी नावाचं विवर सव्वीस वर्षांनी अचानक जागं झालं. त्या दिवसांत त्याचा साधा, डोळ्यांना दिसतो तो प्रकाशसुद्धा काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतच्या अवधीत जोरात कमी-जास्त होत होता. २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून ते दिसत होतं. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नोंदी केल्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी त्या गोळा करून २०१६ साली शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे तेव्हा पावसाळ्याचे ढग होते. मी पाच रात्री गच्चीवर जाऊन बसलो, एकदाही हंस दिसला नाही. ते मला अजून लागतं.

सिग्नस एक्स-१ चा जोडीदार तारा मात्र कधीही बघता येतो. सूर्यापेक्षा कितीतरी मोठा निळा तारा आहे, साडेपाच-सहा दिवसांत विवराशी एक फेरी पूर्ण करतो. प्रत साधारण नऊ, म्हणजे नुसत्या डोळ्यांना नाही, पण लहान दुर्बिणीला पुरतो. हंसाच्या मानेतल्या एका ताऱ्याजवळच आहे. मी माझ्या चार इंची दुर्बिणीतून बऱ्याचदा पाहिलाय. आधीच सांगतो, त्यात फडफड दिसणार नाही. तो प्रकाश ताऱ्याचा आहे, आणि जे काही लुकलुकेल ते भाऊ म्हणतात तसं आपल्या हवेमुळे. ७,२०० प्रकाशवर्षांवरचा एक निळसर ठिपका, बास. पण ज्याचा वायू ओढला जातोय तो हाच.

मोटारवाला_चोपडा

सर, दसऱ्यानंतर उघडीप झाली की या ना इकडे. उनपदेवच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या मेहुण्याचं शेत आहे, तिथे अजून काळोख शिल्लक आहे. संध्याकाळी हंस डोक्यावरच असतो ना त्या दिवसांत? दुर्बीण तुमची, भरीत-भाकरी आमच्याकडे. फैजपूरचे भाऊ, मुलीला घेऊन या. जळगावच्या ताई, तुम्ही लॅपटॉप आणा, तुमची ती सरळ रेषा मला समोर बसून बघायची आहे. मेहुण्याच्या शेतावर सिंगल फेज आहे, चार्जिंगला लाईट मिळेल. आधी जाऊन न्यूट्रल तपासून ठेवतो.